मिस मेरी कार्पेंटर आणि वाट चुकलेली मुले

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांत एखादा मुलगा चोरीत सापडला, की त्यास एकदा तुरुंग दाखवावा, असे पुष्कळांचे मत पडते. त्या वाचकांस आम्ही मेरी कार्पेंटर ह्या बाईंचे चरित्र सांगू इच्छितो.

बाईंचा जन्म १८०७ साली इंग्लंडात झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे हे कुटुंब ब्रिस्टल शहरी राहिले. तेथे १८३३ साली राजा राममोहन रॉय ह्यांची भेट झाली, आणि बाईंस हिंदुस्थानची ओढ लागली.

१८४६ साली त्यांनी गलिच्छ वस्तीतील दरिद्री पोरांसाठी शाळा काढली. भुकेने वा कुसंगतीने चोरी केलेले मूल तुरुंगात सराईत चोरांत राहते व पक्का चोर होऊन परतते, हे त्यांनी पाहिले. म्हणून १८५२ साली किंग्सवूड येथे व १८५४ साली मुलींकरिता रेड लॉज येथे त्यांनी सुधारगृहे उघडली. तेथे शिस्त होती, कामही होते. परंतु मूल घरात वाढते तसे वाढवावे व त्याजवर विश्वास टाकावा, हा पाया होता.

त्याच वर्षी पार्लमेंटने अशा गृहांस मान्यता देणारा कायदा केला. तथापि त्यात एक काटा राहिला. सुधारगृहात जाण्यापूर्वी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत! शिक्षेवाचून सुधारणा कशी व्हावी, असे भल्या भल्या सज्जनांसही वाटे. बाई ह्या अटीविरुद्ध झगडल्या.

१८६६ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्या मुंबईस आल्या. पुढे आणखी तीन वेळा ह्या देशी आल्या. मुंबईत डेव्हिड ससून ह्यांच्या नावाचे सुधारगृह होतेच, पण देशासाठी कायदा नव्हता. तो १८७६ साली झाला. दुसऱ्याच वर्षी बाई वारल्या. इंग्लंडातील ती चौदा दिवसांची अट १८९९ साली उठली.

आज आमच्याकडे २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्याप्रमाणे पकडलेल्या मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासह दोन समाजसेवक बसतात, आणि मंडळ मुलास समज देऊन घरीही धाडू शकते. सोळा वर्षांवरील मुलाने अतिघोर गुन्हा केल्यास मात्र त्याजवर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. हे कलम बाईंस रुचले नसते, असे आम्हांस वाटते. मंडळाचा निर्णय होण्याआधी परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची व गावची चौकशी करतो. त्यास काय सांगावयाचे, हे गावकऱ्यांच्या हाती असते.