मास्टर विठ्ठल : मालकाविरुद्ध जिंकलेला नायक

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात झळकला. निर्माते अर्देशीर इराणी, नायिका झुबेदा ही नावे सर्वांना पाठ आहेत. नायक मास्टर विठ्ठल हे मराठी होते आणि या भूमिकेसाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

विठ्ठल लहानपणीच नाटक मंडळीत शिरले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या कंपनीत आले. १९२४ च्या 'कल्याण खजिना'त ते पडद्यावर दिसले ते नर्तकीच्या वेशात! नंतर मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना नायक केले. मूकपटात संवाद नव्हते. अंग बोलत होते. तलवार आणि उड्या यांच्या बळावर विठ्ठल भारताचे डग्लस फेअरबँक्स ठरले.

त्या काळी नट हा कंपनीचा पगारी नोकर असे. इराणींनी बोलावताच विठ्ठल निघाले आणि शारदाने करारभंगाचा दावा ठोकला. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली. विठ्ठल जिंकले.

पण नियती पाहा! हिंदुस्थानी उच्चार जमेनात म्हणून बोलपटाच्या या पहिल्या नायकाला बराच वेळ अर्धबेशुद्ध दाखवावे लागले. हिंदीतले नायकपण ओसरले, ते मराठी चित्रपटांकडे वळले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही.

विठ्ठल सुटले, कारण त्यांच्याकडे नाव होते आणि नामांकित वकील होता. शिरड शहापूरसारख्या गावांतून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराकडे यातले काय आहे? उचल फिटेपर्यंत हलायचे नाही, असे मुकादम बजावतो आणि मजूर त्यालाच कायदा समजतो. तो कायदा नव्हे! संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द ठरवले आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वेठबिगारीच्या बळींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे.

नटाला जिना मिळाले. मजुराने निदान तालुक्याच्या विधी सेवा समितीचे दार ठोठावावे, आणि शिकलेल्या पोरांनी त्याच्यासोबत तिथवर जावे.