औषधी झुडूप आणि डॉक्टर सीबोल्ड

इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकू इच्छिणाऱ्याला खरेदीदारासाठी जो माहिती-तक्ता भरून द्यावा लागतो, त्यात एका झुडपाची स्वतंत्र चौकशी असते. आवारात जपानी नॉटवीड आहे की नाही, हे त्याने सांगायचे असते. उत्तर होकारार्थी असेल तर घराचा भाव उतरतो आणि कर्ज देणारी संस्था हात आखडता घेते. याच झुडपाची मुळे चीनमध्ये हू-झांग या नावाने शतकानुशतके वैद्यांच्या कपाटात मानाने ठेवली गेली आहेत. कावीळ, सांधेदुखी, खोकला, भाजलेली त्वचा अशा अनेक तक्रारींवर तेथील पारंपरिक वैद्यक त्यांची योजना करते. एका देशात औषध आणि दुसऱ्या देशात उपद्रव ठरलेल्या या वनस्पतीच्या प्रवासामागे एका जर्मन डॉक्टरचा हात होता. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हे त्याचे नाव. युरोपला जपानची शास्त्रशुद्ध ओळख करून देणारा विद्वान म्हणून इतिहास त्याला मान देतो. त्याच्या कार्याची दुसरी बाजू मात्र युरोपातील नदीकाठांवर आणि परसबागांतून आजही वाढते आहे.

सीबोल्डचा जन्म १७ फेब्रुवारी १७९६ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे झाला. घराणे डॉक्टरांचे आणि वैद्यकाच्या प्राध्यापकांचे. वडील तो लहान असतानाच निवर्तले. १८२० साली त्याने वैद्यकाची पदवी घेतली. पण आपल्या गावात दवाखाना थाटून बसण्यात त्याचे मन रमेना. दूरदेशीची वृक्षवल्ली पाहण्याची ओढ त्याला हॉलंडच्या सेवेत घेऊन गेली. १८२२ मध्ये तो डचांच्या वसाहतींकडे निघाला आणि बटाव्हियामार्गे ऑगस्ट १८२३ मध्ये नागासाकीच्या बंदरात पोहोचला.

त्या काळी जपानचे दरवाजे जगाला बंद होते. युरोपियनांपैकी केवळ डचांना व्यापाराची मुभा होती आणि तीही नागासाकीजवळच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या छोट्या कृत्रिम बेटापुरती. सीबोल्ड जर्मन असल्याने त्याचे डच उच्चार दुभाष्यांना खटकले. तेव्हा हा गृहस्थ हॉलंडच्या डोंगराळ भागातला असल्याने असा बोलतो, अशी सारवासारव करण्यात आली. हॉलंडात डोंगर नाहीत, हे सुदैवाने कोणी विचारले नाही!

डॉक्टर म्हणून त्याचा हात चांगला होता. डोळ्यांवरील शस्त्रक्रियांमुळे त्याचे नाव पसरले आणि त्याला बेटाबाहेर रुग्ण तपासण्याची दुर्मीळ परवानगी मिळाली. १८२४ साली नागासाकीच्या नारुताकी भागात त्याने पाठशाळा काढली. जपानच्या निरनिराळ्या प्रांतांतून तरुण वैद्य तेथे पाश्चात्त्य वैद्यक शिकण्यासाठी येऊ लागले. रुग्णांकडून तो पैसे घेत नसे, पण भेटवस्तू नाकारत नसे. त्यामुळे वनस्पती, प्राण्यांचे नमुने, भांडी, चित्रे असा संग्रह घरबसल्या वाढू लागला. शिष्यांना तो जपानमधील विविध विषयांवर डच भाषेत निबंध लिहावयास लावी. शिष्यांचा अभ्यास होई आणि गुरूच्या हाती त्या देशाची माहिती येई. डच सरकारलाही व्यापारासाठी अशी माहिती हवीच होती.

देजिमावर राहणाऱ्या परदेशी पुरुषाला जपानी स्त्रीशी विवाहाची मोकळीक नव्हती. ताकी नावाच्या तरुणीबरोबर त्याने संसार मांडला आणि १८२७ मध्ये त्यांना इने ही मुलगी झाली. पुढे एका सुंदर हायड्रेंजियाला सीबोल्डने ‘ओताक्सा’ हे नाव दिले, ते या ओ-ताकीच्या स्मरणार्थ, असे मानले जाते.

१८२६ साली डच शिष्टमंडळाबरोबर तो शोगुनच्या राजधानीला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. वाटेत वनस्पती गोळा करणे, उंची मोजणे, टिपणे काढणे अखंड चालू होते. या प्रवासात त्याची इतो केइसुके या तरुण वैद्याशी गाठ पडली. पुढे त्याला सीबोल्डने थुनबर्गचा जपानी वनस्पतींवरील ग्रंथ दिला आणि त्याच्या आधारे केइसुकेने लिनियसची वर्गीकरणपद्धती आपल्या देशबांधवांना समजावून सांगितली. ज्ञानाची देवाणघेवाण अशी दोन्ही बाजूंनी झाली, हे सीबोल्डच्या चरित्रातील उजळ पान आहे.

त्याच राजधानीत घडलेले दोन व्यवहार मात्र फार महागात पडले. शोगुनचा नेत्रवैद्य हाबु गेन्सेकी याला डोळ्याची बाहुली विस्फारणाऱ्या औषधाचे रहस्य हवे होते. त्याच्या मोबदल्यात त्याने शोगुनच्या राजचिन्हाचा किमोनो सीबोल्डला दिला. दुसरा व्यवहार अधिक गंभीर होता. राजदरबारातील खगोलतज्ज्ञ ताकाहाशी कागेयासु याने परदेशी ग्रंथांच्या बदल्यात इनो तादाताकाने सर्वेक्षण करून तयार केलेल्या जपानच्या नकाशांच्या प्रती सीबोल्डला पुरविल्या. देशाचा नकाशा परकीयाच्या हाती देणे हा त्या राज्यात घोर अपराध होता.

१८२८ मध्ये प्रकरण उघडकीस आले. ताकाहाशीला अटक झाली आणि १८२९ मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. तरीही न्यायदान थांबले नाही. त्याचे प्रेत मिठात घालून ठेवण्यात आले आणि नंतर त्याला देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. नेत्रवैद्याची पदवी गेली. शिष्य, दुभाषे, अधिकारी अशा अनेकांना शिक्षा झाल्या. सीबोल्डची चौकशी वर्षभर चालली. त्याने आपल्या साहाय्यकांवर दोष येऊ नये म्हणून प्रयत्न केले, असे चरित्रकार सांगतात. अखेर त्याला हद्दपारीची शिक्षा झाली आणि १८२९ च्या अखेरीस ताकी व दोन वर्षांच्या इनेला मागे ठेवून तो जहाजावर चढला. नकाशांच्या नकला त्याने आधीच करून ठेवल्या होत्या. ज्यांनी त्याला माहिती पुरवली, त्यांनी किंमत मोजली. माहिती मात्र त्याच्याबरोबर सुखरूप युरोपला पोहोचली.

हॉलंडमध्ये लायडेन येथे त्याने बिऱ्हाड केले आणि लेखनास वाहून घेतले. ‘निप्पॉन’ हा त्याचा बृहद्ग्रंथ १८३२ पासून खंडशः निघू लागला. झुकारिनी या वनस्पतीशास्त्रज्ञाबरोबर त्याने जपानच्या वनस्पतींवर ग्रंथमाला सुरू केली. जपानमधून चोरून पाठविलेल्या चहाच्या बियांमुळे जावातील चहाच्या लागवडीलाही हातभार लागला होता. १८४५ मध्ये त्याने हेलेन फॉन गागर्न हिच्याशी विवाह केला.

ग्रंथ छापणे खर्चाचे काम होते. जपानी वनस्पतींची रोपे विकण्यासाठी लायडेनजवळ त्याने रोपवाटिका उभारली आणि नॉटवीडच्या कहाणीला येथूनच वळण लागले. जपानमध्ये या झुडपाला इतादोरी म्हणतात. आपल्या चुक्याच्या कुळातील ही वनस्पती. बांबूसारखी पेरांची पोकळ खोडे, त्यांवर लालसर ठिपके, पसरट पाने आणि शरदात पांढऱ्या फुलांचे झुबके. ठिपकेदार खोडामुळेच चिनी लोकांनी तिला वाघाची काठी या अर्थाचे नाव दिले. कोवळे कोंब आंबट लागतात आणि जपानच्या कोची भागात ते आवडीने खाल्ले जातात. युरोपातील बागप्रेमींना तिचा डौल इतका भावला, की १८४७ साली उट्रेख्ट येथील कृषी व उद्यान संस्थेने वर्षातील सर्वांत लक्षवेधी नवी शोभिवंत वनस्पती म्हणून तिला सुवर्णपदक दिले. विक्रीच्या जाहिरातीत सीबोल्डने तिचा जोमदारपणा, वाळूचे ढीग बांधून ठेवण्याची शक्ती, गुरांचा चारा, मधमाश्यांना उपयुक्त फुले आणि मुळांचे औषधी गुण अशी सारी महती गायिली. यातील एकही गुण खोटा नव्हता.

१८५० मध्ये त्याने लंडनच्या क्यू उद्यानाला रोपांची एक पेटी पाठविली. तीत हे झुडूपही होते. १८५४ मध्ये ते एडिनबराच्या उद्यानात पोहोचले आणि रोपविक्रेत्यांच्या हातून गावोगावच्या बागांत गेले. १८८६ साली वेल्समधील माएस्टेगजवळ राखेच्या ढिगाऱ्यावर ते रानटी अवस्थेत वाढलेले नोंदविले गेले. फुजी पर्वताच्या उतारावर लाव्हारस थिजल्यावर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांपैकी हे एक. खाणींच्या राखेत त्याला घरच्यासारखेच वाटले असणार.

परंतु घर म्हणजे केवळ माती नव्हे. जपानमध्ये या झुडपावर जगणारे कीटक पावणेदोनशेंहून अधिक प्रकारचे आहेत, बुरशीही आहेत. शेजारी उंच गवते आणि इतर झाडे त्याला जागच्या जागी रोखून धरतात. पेटीतून आलेल्या रोपाबरोबर यातले कोणीही आले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय तपासणी झाली, तेव्हा ब्रिटनमधील जपानी नॉटवीडची सारी झुडपे मादी असून ती एकाच मूळ रोपाची अंशरूपे असल्याचे आढळले. म्हणजे बी न धरता, केवळ जमिनीखालच्या खोडाच्या तुकड्यांतून या एकाकी मादीने देश व्यापला. एक ग्रॅमहून हलका तुकडाही नव्या झुडपाला पुरतो. पुराचे पाणी, बांधकामाची माती आणि माणसाचे फावडे यांनी हे तुकडे सर्वदूर नेले. १९८१ च्या कायद्याने तिला रानात वाढू देणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा ठरविण्यात आला. २०१० साली जपानमधून आणलेला, तिचा रस शोषणारा एक कीटक मुद्दाम सोडण्यात आला, पण त्याला म्हणावे तसे यश आलेले नाही. घरांच्या पायांना तिच्यापासून होणारी हानी लोक समजतात तितकी मोठी नाही, असे २०१८ च्या एका अभ्यासाने दाखविले. नदीकाठच्या स्थानिक वनस्पतींची मात्र ती खरोखरच कोंडी करते.

आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडील घाणेरी आणि जलपर्णी यांनाही परदेशातून शोभेसाठीच आणले गेले होते.

सीबोल्डला हे पुढचे काही पाहावे लागले नाही. हद्दपारीचा हुकूम उठल्यावर १८५९ मध्ये, तीस वर्षांनी, तो आपला मुलगा अलेक्झांडर याला घेऊन नागासाकीला परतला. ताकीचे दुसरे लग्न झाले होते. इने वडिलांच्याच शिष्यांच्या हाताखाली शिकून डॉक्टर झाली होती. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानमधील पहिली स्त्री डॉक्टर म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. पुढे १८७३ साली राजघराण्यातील प्रसूतीसाठी तिला पाचारण करण्यात आले. शोगुनच्या सरकारचा सल्लागार होण्याची सीबोल्डची उमेद मात्र टिकली नाही. १८६२ मध्ये तो युरोपला परतला आणि १८ ऑक्टोबर १८६६ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले.

त्याला खलपुरुष ठरविणे अन्यायाचे होईल. १८५० साली एका रोपाने नदीकाठ गिळंकृत व्हावेत, ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. सुवर्णपदक देणारे, क्यूमध्ये ते जपणारे आणि हौसेने विकत घेणारे सारेच त्या चुकीचे वाटेकरी होते. तरी त्याच्या आयुष्यातील एक सूत्र नजरेआड करता येत नाही. नकाशे असोत वा रोपे, हवे ते उचलून नेताना त्याने मागे काय राहते आणि पुढे काय होते याचा विचार क्वचितच केला. चीन-जपानच्या वैद्यांनी या मुळाचे गुण ओळखले, ते कधी खणावे, किती द्यावे, कोणाला देऊ नये हे पिढ्यान् पिढ्या पडताळून. आज पौष्टिक गोळ्यांतून विकल्या जाणाऱ्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचा मोठा भाग याच झुडपाच्या मुळांतून काढला जातो. वेल्सच्या राखेवर ज्या झुडपाचा नायनाट करण्यासाठी विषारी फवारे मारले जातात, त्याचीच मुळे चीनमध्ये औषधासाठी खणली जातात. वनस्पती तीच आहे. लायडेनहून निघालेल्या पेटीत रोप मावले. त्याला सांभाळणारे कीटक, शेजारची झाडे आणि त्याला ओळखणारी माणसे मात्र मागेच राहिली.