डॉ. आनंदीबाई जोशी आणि गर्भारपणाची पहिली चाहूल

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या मंडळातील प्रत्येक भगिनीला ठाऊक आहे. साता समुद्रांपलीकडे जाऊन त्या डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेतच शिकतो. पण एवढ्या कष्टाने मिळविलेल्या विद्येतून त्यांनी प्रबंधासाठी कोणता विषय निवडला, हे फारसे कोणी सांगत नाही. तो विषय बाळंतपणाचा होता, आणि त्यामागे त्यांचे स्वतःचे दुःख उभे होते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, बिजवर होते व वयाने बरेच मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टापायी ते पुष्कळदा कठोरही होत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल हाती लागले असते, ही खंत त्यांच्या मनात राहिली आणि पुढच्या निश्चयाचे बीज तिथेच रुजले.

त्या काळी गर्भार बाई परपुरुषाला, मग तो डॉक्टर का असेना, आपले दुखणे सांगू शकत नसे, आणि स्त्री डॉक्टर तर औषधालाही मिळत नसे. सासरी आलेल्या कोवळ्या मुलीला आपल्या शरीरात काय घडते आहे हे कळायला उशीर होई. कळले तरी संकोचाने ती बोलत नसे. आपल्या देशात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे आनंदीबाईंनी १८८३ साली श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात ठामपणे मांडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, घरचे कोणीही सोबत नसताना, त्यांनी कलकत्त्याहून अमेरिकेचे जहाज पकडले. तिकडे न्यू जर्सी प्रांतातील श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखे घरात घेतले. पुढे फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. थंडी सोसेना, अन्न मानवेना, प्रकृती ढासळत चाललेली. तरीही अभ्यास सुटला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. या शास्त्रात आपल्याकडचा वारसा लहान नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नुकत्याच गर्भ राहिलेल्या स्त्रीची लक्षणे दिली आहेत : थकवा, ग्लानी, तहान, मांड्या जड होणे. पुढे स्तनाग्रे काळवंडणे, कारण नसता ओकारी येणे, चांगल्या वासाचाही उबग येणे, तोंडाला पाणी सुटणे हीही लक्षणे सांगितली आहेत. आपल्या आज्या-पणज्या सुनेची पडलेली चर्या पाहून जे ओळखत, तेच हे.

आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा अमेरिकेतही डॉक्टरांची भिस्त अशाच लक्षणांवर असे. लघवीवरून गर्भ ओळखण्याची पहिली भरवशाची कसोटी १९२८ साली बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आज तीच गोष्ट औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या पट्टीवर काही मिनिटांत कळते. गर्भ रुजला की शरीरात एक विशिष्ट संप्रेरक तयार होते आणि पाळी चुकण्याच्या सुमारास ते लघवीत उतरू लागते. म्हणून पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. उत्तर नाही असे आले आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी.

भगिनींनो, पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच असे नव्हे. आजारपण, काळजी, अशक्तपणा, थायरॉइडचा विकार यांनीही पाळी चुकते. उलट कित्येकींना गर्भ राहिल्यावरही थोडे डाग दिसतात आणि पाळी आली असे त्या समजतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर बाळंतपणानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस जाऊ शकतात. तेव्हा छाती दुखरी होणे, वारंवार लघवीला जावे लागणे, मळमळ, विनाकारण थकवा यांपैकी काही जाणवले तर शंका मनात ठेवू नये. ओटीपोटात एका बाजूस कळ, रक्तस्राव किंवा घेरी आली तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. अशा वेळी क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

१८८६ च्या नोव्हेंबरात आनंदीबाई मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरले होते. पण क्षयाने त्यांना पोखरले होते. एकाही रुग्णाची नाडी त्या पदावरून न पाहता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकवीस. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी येथे, मायेने ठेवल्या.

जी विद्या त्यांना वापरता आली नाही, ती आज आपल्या दाराशी आली आहे. सरकारी आरोग्य केंद्रात पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदविता येते, रक्ताची तपासणी होते, फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात. गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा सुरुवातीच्या आठवड्यांतच घडत असल्याने या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. मनाने कोणतेही औषध मात्र घेऊ नये. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत बातमी बाहेर फोडत नाहीत. काही घरांत तिसऱ्या महिन्यात चोरचोळी होते आणि मगच चार जणींना कळते. ती रीत खुशाल पाळावी. शेजारणीपासून गोष्ट लपली तरी चालेल, डॉक्टरांपासून लपता कामा नये. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी सून-लेकींना असे वळण लावावे की, पहिली शंका येताच त्या निःसंकोच येऊन सांगतील. चौदा वर्षांच्या त्या आईला जी मदत लाभली नाही, ती आपल्या आळीतल्या प्रत्येकीला वेळेवर मिळावी, एवढे तरी आपल्या मंडळाच्या हाती आहे.