पाखरांचा वाली आणि भरतपूरच्या म्हशी

नाशिकरोडला आमच्याकडे पाहुणे आले, की थंडीतल्या एखाद्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरची फेरी ठरलेली. चांदोरी-सायखेड्याच्या रस्त्याने उसाचे मळे आणि द्राक्षबागा मागे टाकीत आपण गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याशी पोचतो. या जलाशयाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. तिथे उभा राहिलो, की मला हटकून डॉ. सलीम अली आठवतात.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामांनी खेतवाडीतल्या घरी वाढवले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून हा पोरगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि आयुष्याची दिशा ठरली.

पण दिशा ठरली म्हणून पोट भरत नाही. पदवी नव्हती. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बुडाला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या नोकरीतून रजा घेऊन जर्मनीत शिकून आले, तर परतल्यावर जागाच उरली नव्हती. मग पत्नी तेहमिनाबाईंसह ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणीची घरटी न्याहाळत बसले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून घेते आणि मग नर दुसरे विणायला घेतो, हा संसार त्यांनी जगापुढे मांडला. 1939 मध्ये तेहमिनाबाई गेल्या. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली.

भरतपूर ही मूळची महाराजांची शिकारीची जागा. 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी पडले होते. स्वातंत्र्यानंतर तिथले पाणी शेतीला द्यावे, तळे मोडावे अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि तळे वाचले. 1981 मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळाले, 1982 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1985 मध्ये जागतिक वारसा.

या कथेला एक दुखरी बाजू आहे. उद्यानात गुरे नकोत, असे सलीम अलींचेही मत होते. 1982 मध्ये चराई बंद झाली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासातून दिसले, की म्हशी पाण्यातले गवत खाऊन तळे मोकळे ठेवीत होत्या. त्या गेल्या आणि गवताने पाणी गिळायला सुरुवात केली. हा निष्कर्ष पूर्णपणे पुढे आला, तेव्हा सलीम अली हयात नव्हते. 20 जून 1987 रोजी ते गेले.

1986 मध्ये नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य झाले, तेव्हा मी बँकेत नवा अधिकारी होतो. शेतीकर्जाच्या पाहणीला स्कूटरवरून त्या भागात जायचो. जमिनी जातील का, नदीवरच्या मोटारी बंद होतील का, अशी धास्ती शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर असे. मी कर्जाचे कागद तपासून परतत असे. त्या धास्तीला कागदावर रकाना नव्हता. भरतपूरची हकिगत वाचली, तेव्हा ते चेहरे पुन्हा समोर आले.

2020 च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. अभिमान वाटला. पण सलीम अलींचे थोरपण मला त्यांच्या चुकीसकट पटते. ज्या संस्थेला त्यांनी आयुष्य दिले, तिनेच त्यांचे मत तपासून पाहिले. नीट पाहावे, मग बोलावे, हीच तर त्यांची शिकवण होती. परवा नातवाला दुर्बीण दिली. चक्रवाक शोधून झाल्यावर, काठावर म्हशी पाण्याला घेऊन आलेल्या माणसाकडेही त्याला पाहायला सांगितले.