अतितप्त वाफेचा साधक

गळीत हंगाम जवळ आला की कोपरगाव तालुक्यातील साखर कारखान्यांत बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात. पूजा होते, भाषणे होतात, उसाच्या भावाची चर्चा रंगते. बॉयलरमधून टर्बाइनकडे धावणारी वाफ ज्याने व्यवहारात आणली, त्या विल्हेल्म श्मिटचे नाव मात्र तेथे कोणी घेत नाही.

श्मिट १८५८ साली जर्मनीतील वेगेलेबेन या लहान गावी जन्मला. कुलपे व लोखंडी काम करणाऱ्या कारागिरांत उमेदवारी करून तो यंत्रविद्येकडे वळला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाला एक जुनाट व्याधी होती. उकळत्या पाण्यालगतची वाफ ओलसर असते. सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतींना लागताच तिच्यातील काही भागाचे पुन्हा पाणी होई आणि तेवढा कोळसा फुकट जाई. ही वाफ वेगळ्या नळ्यांतून नेऊन आणखी तापवावी, ही कल्पना श्मिटची नव्हे. अल्सेसमधील हिर्न याने ती आधीच आजमावली होती. परंतु अतितप्त वाफेत वंगण जळे, झडपा अडकत. त्यामुळे बहुतेक अभियंते थोडक्यात समाधान मानीत. श्मिटने मानले नाही. सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसची वाफ पेलतील अशी यंत्रे त्याने चिकाटीने घडविली. त्याचे खरे श्रेय या चिकाटीचे आहे.

१८९८ साली प्रशियाच्या रेल्वेने त्याच्या पद्धतीची पहिली इंजिने रुळांवर आणली. रॉबर्ट गार्बे या अधिकाऱ्याने त्याची बाजू उचलून धरली नसती, तर हे इतक्या लवकर घडले असते असे वाटत नाही. कोळशात जवळजवळ चौथ्या हिश्श्याची बचत दिसू लागली, तेव्हा शंकेखोरही गप्प झाले. स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे धावलेल्या डब्ल्यूपी व डब्ल्यूजी इंजिनांतही याच तत्त्वाच्या नळ्या होत्या.

उत्तरायुष्यात तो वाफेचा दाब वाढविण्याच्या मागे लागला. १९२४ साली तो वारला. साठ वातावरणांच्या दाबाचे त्याच्या पद्धतीचे रेल्वे इंजिन पुढील वर्षी तयार झाले. रेल्वेत ते रुजले नाही, फारच गुंतागुंतीचे होते. वीजघरांनी व कारखान्यांनी मात्र अधिक दाबाची, अधिक तापलेली वाफ आपलीशी केली. साखर कारखान्यात तर तिचा दुहेरी उपयोग होतो. उसाच्या बगॅसवर तयार झालेली वाफ आधी टर्बाइन फिरविते आणि तेथून बाहेर पडल्यावर रस आटविते. तेवढ्याच बगॅसमधून जी जादा वीज निघते, ती राज्यातील अनेक कारखाने आज विकत आहेत.