ग्रॅहम बेल आणि हातांची भाषा

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव टेलिफोनचे जनक म्हणून शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचा मूळ पेशा मात्र बधिर मुलांना शिकविण्याचा होता आणि स्वतःला ते आधी शिक्षक व मग संशोधक मानीत, हे फारसे कोणी सांगत नाही. शाळांतून सांकेतिक भाषा हा भाषाविषय असावा की नसावा, याचा विचार करताना त्यांच्या चरित्राची ही बाजू पाहणे अगत्याचे आहे. या प्रश्नावर इतका अधिकार, इतकी कळकळ आणि इतकी मोठी चूक एकाच माणसाच्या ठायी क्वचितच आढळते.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरो येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे अध्यापक. ओठ, जीभ व घसा यांच्या हालचाली चिन्हांनी दाखविणारी एक लिपीच वडिलांनी तयार केली होती. आईला ऐकू फार कमी येई. मुलगा तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोले, किंवा करपल्लवीने, म्हणजे बोटांनी अक्षरे दाखवून, घरातली संभाषणे तिला कळवी. हातांनी बोलण्याची ओळख त्यांना अशी घरातच, आईच्या मायेपोटी झाली.

दोन भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडात आले आणि पुढल्याच वर्षी बेल बोस्टनच्या बधिर शाळेत वडिलांची लिपी शिकवू लागले. ध्वनीचे कंपन बधिर मुलाला डोळ्यांनी दाखविता येईल काय, या ध्यासातून त्यांनी जे प्रयोग केले, त्यांचाही टेलिफोनच्या शोधात वाटा होता. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि पुढल्या वर्षी मेबल हबर्ड या आपल्या बधिर विद्यार्थिनीशी त्यांचा विवाह झाला. १८८० मध्ये फ्रान्सचे ५०,००० फ्रँकांचे व्होल्टा पारितोषिक मिळाले. त्या बळावर केलेल्या संशोधनातून आलेला पैसा पुढे त्यांनी बधिरांच्या कार्यासाठी दिला. लहानग्या हेलन केलरच्या वडिलांना योग्य संस्थेची वाट दाखविणारेही तेच. हेलनने आपले आत्मचरित्र त्यांनाच अर्पण केले.

अशा सहृदय माणसाच्या हातून अन्याय कसा घडला? मेबल ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखीत असे आणि स्वतः बोलतही असे. पण तिची श्रवणशक्ती वयाच्या पाचव्या वर्षी तापाने गेली होती, तोवर ती बोलायला शिकली होती. शिवाय घर संपन्न होते. जे तिला साधले ते जन्मतः बधिर असलेल्या गरिबाच्या मुलालाही साधावे, अशी अपेक्षा बेल यांनी धरलेली दिसते. १८८३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. वेगळ्या शाळा आणि वेगळी भाषा यांमुळे बधिर लोक आपसांतच विवाह करतात आणि त्यातून बधिरांची निराळी जात निर्माण होईल, असे त्यात प्रतिपादन होते. विवाहबंदीचा कायदा त्यांनी मागितला नाही. मात्र शाळेतून हातांची भाषा जावी आणि बधिर शिक्षकही जावेत, असा त्यांचा आग्रह होता.

तो काळच त्या मताला अनुकूल होता. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने शिक्षणातून सांकेतिक भाषा वगळण्याचा ठराव केला होता. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बधिर असा एकच होता. बेल यांना अमेरिकेत कसून विरोध केला तो एडवर्ड गॅलोडेट यांनी. त्यांचीही आई बधिर होती. तरीही गॅलोडेट यांनी आईच्या हातांत भाषा पाहिली, तर बेल यांना त्या भाषेत समाजापासून तोडणारी भिंत दिसली.

आश्चर्य हे की, या शंकेचे उत्तर बेल यांच्या समोरच होते. आनुवंशिक बधिरत्वाच्या अभ्यासासाठी त्यांनी मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील वंशावळी तपासल्या. तेथे बधिरांचे प्रमाण असाधारण होते. म्हणून ऐकू येणारे शेजारी, दुकानदार आणि कोळीही खुणांची भाषा जाणत. त्यामुळे बधिर माणूस गावात वेगळा पडत नसे. बेल यांनी वंशावळी पाहिल्या, परंतु या शेजारधर्माचा अर्थ त्यांनी लावला नाही. भिंत भाषेमुळे उभी राहत नाही, ती भाषा एकाच बाजूला येत असल्यामुळे उभी राहते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन मिनिटभर मूक ठेवण्यात आले. शाळांतून मूक केलेले हात मात्र कित्येक दशके तसेच राहिले. खुणांच्या भाषेलाही स्वतःचे व्याकरण असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले आणि मिलानचे ठराव चुकीचे होते, हे त्याच परंपरेतील परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे मान्य केले.

आपल्या मुंबईशी याचा निकटचा संबंध आहे. भारतातील पहिली बधिर शाळा १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांनी लालबाग-परळपासून जवळच असलेल्या माझगावात काढली, ती मिलानच्या ठरावानंतर अवघ्या पाचेक वर्षांनी. आपल्या देशातील बधिर शाळांतही पुढे भर राहिला तो वाचेवरच. मुले हातांची भाषा शिकली ती मधल्या सुटीत, वसतिगृहात आणि एकमेकांकडून. आता चित्र पालटू लागले आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या भाषेची दखल घेतली आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर तिला भाषाविषयाचे स्थान दिले.

परंतु गिरगाव-दादरच्या सर्वसाधारण शाळेत ऐकू येणाऱ्या मुलाने ही भाषा निवडावी, ही कल्पना अजून दूरची वाटते. तिसऱ्या भाषेवरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात केवढा वाद झाला! त्या गदारोळात या भाषेची आठवण कितीजणांना झाली? २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या देशभरात ५० लाखांवर भरली होती. यंत्रे आणि वाचाशिक्षण ज्यांना उपयोगी पडते त्यांनी ते अवश्य घ्यावे. त्याला सांकेतिक भाषेचा विरोध नाही. पण सारे अंतर बधिर मुलानेच एकट्याने तोडावे, ही सक्ती कशासाठी? निम्मे अंतर आपण का चालू नये?

शिक्षक कोठून आणावयाचे, असा प्रश्न येथे हमखास विचारला जाईल. ही भाषा अस्खलित जाणणारी बधिर माणसे याच शहरात आहेत. त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि योग्य वेतन देऊन वर्गात आणावे. बेल यांनी ज्यांना फळ्यापासून दूर केले, त्यांच्याच हाती खडू देणे ही या चुकीची खरी दुरुस्ती ठरेल.