कर्मवीरांचे शिक्षण : बळ आणि मर्यादा

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव सातारा-सांगलीकडे इतक्या आदराने घेतले जाते की, त्यांच्या शिक्षणविचाराची चिकित्सा करणे म्हणजे कृतघ्नपणा, असाच समज होऊन बसला आहे. परंतु ज्या पुरुषाने आयुष्यभर रूढ समज मोडले, त्याच्याविषयी तरी असा सोवळेपणा बाळगण्याचे कारण नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर खपविण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले, आणि या भ्रमंतीने त्यांना जे दिले ते एखाद्या ट्रेनिंग कॉलेजाने खचितच दिले नसते. कुणब्याच्या घरात फीपुरता पैसा नाही, पण मुलाच्या अंगात श्रमाची ताकद आहे, हे त्यांनी पाहिले. साऱ्या योजनेचे मूळ या एवढ्या निरीक्षणात आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. येथे मुले शेतात राबत, स्वयंपाक स्वतः रांधीत आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. त्या काळच्या साताऱ्यात हे किती अवघड होते, याची आज कल्पनाही येणार नाही. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांसाठी दिले. १९३० साली त्या गेल्या. संस्थेच्या भांडवलात हा हिस्सा कोणत्या खात्यावर मांडावयाचा?

शिक्षकांवाचून खेड्यात शाळा निघणार नाही, म्हणून १९३५ साली अध्यापक विद्यालय. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. हा क्रमच भाऊरावांची व्यवहारदृष्टी दाखवितो.

मर्यादा मात्र येथेच सुरू होतात. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तोद्योग हे शिकविण्याचे माध्यम होते. सूत कातता कातता गणित यावे, अशी तिची अपेक्षा. भाऊरावांकडे श्रम होता तो मुख्यत्वे शिक्षणाचे मोल म्हणून. सकाळी शेतात खणणारा मुलगा दुपारी सरकारी अभ्यासक्रमच घोकीत असे. श्रमाने त्याचा स्वभाव घडला, जातीचा गर्व गळाला, हे खरे. पण मातीविषयीचे त्याचे ज्ञान वर्गात कोणी विचारले नाही. म्हणून शिकलेला मुलगा शेताकडे परतण्याऐवजी कचेरीकडे वळला. याचा दोष एकट्या भाऊरावांवर टाकणे अन्यायाचे होईल. पालकांनाही तेच हवे होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कचेरीच्या दाराबाहेर उभे केले त्यांनी खुर्ची मागू नये, असे कोणी म्हणावे?

स्वावलंबनाचीही तीच गोष्ट. वसतिगृह श्रमावर चालले. शेकडो शाळा तशा चालणे शक्य नव्हते. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी राज्यकर्त्यांवर टीका केली आणि सरकारने अनुदान थांबविले, तेव्हा संस्था पेचात सापडली. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्या प्रसंगी स्वावलंबनाची सीमा उघडी पडली.

९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. तोवर मुलींसाठीही अध्यापिका विद्यालय निघाले होते. तरीपण श्रमाच्या बदल्यात शिक्षण हा सौदा मुलाच्याच हिशेबाने मांडलेला होता. कुणब्याच्या मुलीचे श्रम धुणे, पाणी आणि धाकटी भावंडे यांत घरातच आधी खर्ची पडत, आणि शाळेच्या दारी मोबदल्यात देण्यास तिच्यापाशी काही उरत नसे.